देयकांना कात्री लावायची, पण कोठे?

पुणे - सरकारी आरोग्य योजनांचा खर्च वाढू लागला, की रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या रकमांचा फेरआढावा घेण्याची मागणी पुढे येते. ती रास्तच आहे. मात्र, आढावा म्हणजे दर कमी करणे किंवा देयके रोखून धरणे, असा सोयीचा अर्थ लावला गेला, तर तिजोरीत वाचलेला पैसा अखेर रुग्णाच्याच खिशातून जातो.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची व्याप्ती पाहिली, तर प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा पुण्याचा त्यात समावेश झाला. त्या वेळी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. जुलै २०२३ मधील शासन निर्णयाने ही मर्यादा पाच लाखांवर नेली आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही योजनेचे दार खुले केले. साहजिकच, सरकारवरील भारही वाढला.

योजनेत प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम, म्हणजे पॅकेज असते. उपचारापूर्वी मंजुरी आणि नंतर कागदपत्रांची छाननी झाल्यावर रुग्णालयाला पैसे मिळतात. त्यामुळे खोलीभाडे वा औषधे वाढवून बिल फुगविता येत नाही. पण गरज नसलेली शस्त्रक्रियाही रुग्णालयाला तेवढीच रक्कम मिळवून देते, ही या पद्धतीतील मोठी फट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादमधील एका खासगी रुग्णालयात आरोग्य शिबिरातून आणलेल्या ग्रामस्थांवर अँजिओप्लास्टी करण्यात आली. त्यातील दोघांचा मृत्यू झाला आणि केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे पैसे लाटण्यासाठी हे उपचार झाल्याचा आरोप झाला. याच योजनेवरील २०२३ च्या अहवालात 'कॅग'ने सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडले गेल्याचे दाखवून दिले होते. बनावट नोंद संगणक शोधू शकतो. अनावश्यक शस्त्रक्रिया मात्र डॉक्टरच ओळखू शकतो.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. पॅकेजची रक्कम प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी पडली किंवा महिनोन्‌महिने मिळाली नाही, तर रुग्णालय 'खाट शिल्लक नाही' असे सांगते किंवा औषधे बाहेरून आणायला लावते. मोठ्या रुग्णालयांना थकबाकी सोसते. छोटी रुग्णालये योजनेतून बाहेर पडतात. मग गर्दी ससूनकडे वळते. शहरी गरीब योजनेद्वारे रुग्णांच्या बिलांचा भार उचलणाऱ्या पुणे महापालिकेलाही हाच धडा लागू पडतो.

त्यामुळे सरसकट कपातीऐवजी नेमकी तपासणी हवी. एखाद्या रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे प्रमाण इतरांपेक्षा फार जास्त असेल, तर तज्ज्ञ डॉक्टरांनी तेथील कागदपत्रे पाहावीत. घरी गेलेल्या काही रुग्णांना भेटून उपचार झाले का आणि वरून पैसे घेतले का, हे विचारावे. निर्दोष देयके ठरल्या मुदतीत चुकती करावीत. रुग्णालयनिहाय उपचार आणि दिलेल्या रकमा जाहीर कराव्यात. चोराला शिक्षा देताना प्रामाणिक रुग्णालयाचे पैसे अडले, तर पाच लाखांचे संरक्षण कागदावरच राहील.