डॉक्टरांच्या नावाचा भार



नवी कार्यकारिणी आली की आपल्या मंडळात तरुण सभासदांसाठी नेतृत्वाचं शिबिर होतं. यंदा तिथे सर्वांत जास्त प्रश्न आले ते नेता म्हणून स्वतःचा ‘पर्सनल ब्रँड’ कसा घडवायचा आणि कसा टिकवायचा यावर. मला तेव्हापासून मुंबईचं गिरणगाव आठवतं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. नेत्याचं नाव कसं होतं आणि पुढे त्याच नावाचा त्याला भार कसा होतो, हे त्या वस्तीने फार जवळून पाहिलं.

कामगार नेते दत्ता सामंत मुळात घाटकोपरचे डॉक्टर. दगडखाणीतले मजूर त्यांच्याकडे औषधाला येत. त्यांच्या मजुरीच्या प्रश्नात हात घालता घालता डॉक्टर कामगार चळवळीत आले. पुढे मोठमोठ्या कारखान्यांत त्यांनी अशा पगारवाढी मिळवून दिल्या की मुंबईभर एकच बोललं जाऊ लागलं: मालकाने ताळेबंद पुढे केला तरी डॉक्टर मागणी खाली आणत नाहीत, माघार घेत नाहीत. ही ख्याती कामगारांच्या पगाराच्या पाकिटातून पसरली.

गिरणी कामगारांना नेमका असाच माणूस हवा होता. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच मान्यताप्राप्त युनियन, आणि तिच्यावरचा अनेकांचा विश्वास उडालेला. १९८१च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष भडकला तेव्हा कामगार थेट घाटकोपरला डॉक्टरांच्या घरी गेले. डॉक्टर आधी राजी नव्हते. कामगारांनी त्यांना सोडलं नाही. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगारांनी काम बंद केलं.

कापडाचा धंदा वेगळा होता. मोटार कारखान्याच्या मालकाला उत्पादन थांबलं की घाम फुटे. इथे यंत्रं जुनी झालेली, माल पडून असलेला. गिरणी काही महिने बंद राहिली तर काही मालकांना ते सोयीचंच होतं. राज्यातलं आणि केंद्रातलं, दोन्ही सरकारं नमायला तयार नव्हती. पण माघार न घेणारा म्हणूनच ज्यांना लोकांनी बोलावून आणलं, त्यांनी माघारीचा शब्द उच्चारायचा कसा? संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कामगार कोकणात, साताऱ्या-सांगलीकडे गावी गेले, आणि हजारोंना पुन्हा गिरणीची पायरी चढता आली नाही. तरीही १९८४च्या काँग्रेसच्या लाटेत दक्षिण मध्य मुंबईने डॉक्टरांनाच लोकसभेवर पाठवलं. इतका जीव लोकांनी त्यांना लावला होता. १६ जानेवारी १९९७ला त्यांची हत्या झाली.

डॉक्टरांच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. सलतं ते एवढंच, की इतक्या मोठ्या लढ्यात ‘आता थांबू या’ म्हणायला आणि कामगारांनी ते ऐकून घ्यायला दुसरं एकही नाव तयार झालेलं नव्हतं.

त्याच गिरणगावात प्रेमा पुरव यांनी वेगळी वाट धरली. गिरणी कामगारांना डबा-जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचल्या होत्या. त्यांच्यासाठी प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले आणि गटाच्या जबाबदारीवर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताईंचं नाव झालं, पद्मश्रीही मिळाली. पण त्या नावाच्या सावलीत इतर बायका हिशेब सांभाळायला आणि चारचौघींपुढे बोलायला शिकल्या. नाव टिकवण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही.

आपल्या मंडळात गणेशोत्सव म्हटला की एक नाव पुढे येतं, नाटक म्हटलं की दुसरं, मराठी शाळा म्हटली की तिसरं. ही नावं वर्षानुवर्षांच्या कष्टाने झाली आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. ती माणसं आजारी पडली किंवा बदलीवर दुसऱ्या गावी गेली तर काय, हा प्रश्न मात्र आपण टाळत आलो आहोत.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझा प्रस्ताव आहे: येत्या गणेशोत्सवापासून प्रत्येक समितीला दोन प्रमुख असावेत, त्यातला एक पहिल्यांदाच जबाबदारी घेणारा. वार्षिक सभेत हिशेब त्यानेच मांडावा आणि प्रश्नांना उत्तरंही त्यानेच द्यावीत. शिबिरात प्रश्न विचारणाऱ्या तरुणांनी आपली नावं या महिनाअखेरपर्यंत चिटणिसांकडे द्यावीत.