सकळ लिपी आणि आपले न्याहाळक

दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी विषय घेतला: २००० ते २००६ या काळातील रविवार पुरवण्यांमधले ग्रंथपरीक्षण. एका मोठ्या मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावरची त्या वर्षांतली काही पाने कोणीतरी जपून ठेवली होती, ती तिने मिळवली. पाने उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी होती. तिने मला विचारले, "सर, हे मराठीच आहे का?" मराठीच होते. अवघी वीस वर्षे जुने होते. तरी ते वाचता येत नव्हते. तिने विषय बदलला.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, अमुक संगणक कंपनीवर विश्वास ठेवावा की तमुक कंपनीवर, हा वाद आपल्याकडे शिक्षित माणसे अजून मोठ्या हिरिरीने घालतात. मायक्रोसॉफ्ट वाईट, गूगल चांगली. किंवा दोन्ही परकीय, म्हणून आता स्वदेशी चांगली. माझ्या मते हा वादच चुकीच्या जागी उभा आहे, आणि त्याची किंमत मराठी मजकुराने एकदा मोजलेली आहे.

ती कशी मोजली, ते पाहू. त्या काळी बहुतेक मराठी दैनिकांचा मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हताच. आत रोमन अक्षरांचे क्रमांक साठवलेले असत आणि विशिष्ट टंक त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे काढी. वाचकाकडे तो टंक नसेल तर? त्यावर मायक्रोसॉफ्टने तोडगा दिला. तिच्या इंटरनेट एक्सप्लोरर या न्याहाळकात, म्हणजे ज्याला आपण सर्रास ब्राउझर म्हणतो त्यात, पानाबरोबर टंक आपोआप उतरवून घेण्याची सोय १९९७ सालापासून होती. मात्र तिचा साचा कंपनीचा स्वतःचा होता, इतर न्याहाळकांना तो उमगत नसे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तो वापरणाऱ्या मराठी वाचकाला ही दैनिके वाचण्यासाठी 'पद्म' नावाचे जोडसाधन बसवावे लागे किंवा निमूटपणे एक्सप्लोररकडे परतावे लागे.

यात मायक्रोसॉफ्टला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे. अमेरिकी सरकारने १९९८ साली तिच्यावर खटला भरलाच होता. तिने मक्तेदारीचा गैरवापर केला असा निर्णय २००० साली झाला, आणि कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश अपिलात २००१ साली रद्द झाला. पण आपल्या बाबतीत न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच कंपनीने विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणली. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी या आपल्याच मराठी अक्षरकाराने घडवलेला होता. म्हणजे राजमार्ग आणि आडवाट दोन्ही एकाच दुकानात उपलब्ध होत्या. मराठी विकिपीडिया २००३ साली राजमार्गाने निघाला. हौशी लोकांनी चालवलेल्या कित्येक संकेतस्थळांनीही तेच केले. आडवाट निवडली ती पैसा, तंत्रज्ञ आणि संपादक असे सारे काही पदरी असलेल्या आपल्या वृत्तपत्रांनी. कंपनीवर त्यांचा विश्वास होता म्हणून नव्हे. 'सगळे एक्सप्लोररच तर वापरतात' एवढाच त्यामागचा विचार होता.

पुढे वृत्तपत्रेही युनिकोडकडे वळली, पण मागचा मजकूर बहुतेकांनी बरोबर घेतला नाही. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. नव्या एज न्याहाळकात त्याची जुनी पद्धत काही काळापुरती ठेवलेली आहे, पण तिच्यासाठी मूळ टंकाची फाईल मूळ जागी हवी, आणि ती कोणी जपली?

मराठीच्या अभ्यासकाला इथे महानुभावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. परिणामी 'लीळाचरित्रा'सारखे मराठी गद्याचे आद्य लेणे कित्येक शतके उर्वरित मराठी समाजाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती किल्ली आली तेव्हा आपल्या वाङ्मयेतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. पण महानुभावांनी लिपी बदलली ती जाणीवपूर्वक, आपले धन राखण्यासाठी. आणि किल्ली पंथाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या जपली. आपण आपला मजकूर कुलूपबंद केला तो गाफीलपणे, आणि किल्ली एका परक्या कंपनीच्या खिशात ठेवली.

याच्या उलट उदाहरण आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरचे आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती मूळ रचनेनंतर जवळजवळ तीन शतकांनी. अनेक पोथ्या उपलब्ध होत्या, त्या वाचता येत होत्या, आणि वाचण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती, म्हणूनच ते शक्य झाले. नकलनविसांवर नाथांचा विश्वास होता असे नव्हे. तो नव्हता म्हणून तर शुद्धी करावी लागली. पण लिपी सामाईक असल्याने चूक शोधता आली.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. २००८ साली क्रोम आला आणि एक्सप्लोररला कंटाळलेल्या आपण सर्वांनी त्याचे स्वागत केले. मीही केले. गूगलने मराठीसाठी पुष्कळ केले आहे: लिप्यंतराची सोय, मोबाईलवरचा कळफलक, मुक्त टंक. कृतज्ञ असावेच. पण आज पुन्हा 'हा अर्ज फक्त क्रोममध्ये उघडावा' अशी सूचना कार्यालयांच्या परिपत्रकांत दिसते. पूर्वी त्या जागी 'फक्त इंटरनेट एक्सप्लोरर' असे असे. नाव बदलले, वाक्य तेच राहिले. आणि ऑर्कुट विसरू नये. तेथे मराठी माणसांच्या गप्पांचे, कवितांचे, भांडणांचे ढीग होते. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने ते बंद केले, आणि त्यासाठी मराठी समाजाचे मत अर्थातच घेतले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने गूगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकायला लावण्याची मागणी मात्र फेटाळली. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. हे निर्णय महत्त्वाचे आहेत, पण न्यायालय कंपनीला दंड करू शकते; हरवलेले ग्रंथपरीक्षण परत आणू शकत नाही.

यावर 'दुसरा न्याहाळक वापरा' असे सांगितले जाते. दुसरा कोणता? एज, ऑपेरा, ब्रेव्ह यांच्या अंतरंगात गूगलप्रणीत क्रोमियमच आहे. केंद्र शासनाच्या भारतीय न्याहाळक स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये पहिले आलेल्या झोहो कंपनीचा 'उला'ही क्रोमियमवरच उभा आहे. क्रोमियमचा स्रोत खुला आहे हे खरे, पण त्याची दिशा मुख्यतः गूगलच ठरवते. ठळक अपवाद फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. त्यातल्या फायरफॉक्सचे बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते, आणि २०१७ साली त्यानेही जुन्या पद्धतीची सारी जोडसाधने एका फटक्यात बाद केली. तात्पर्य, या दुकानात संत कोणी नाही, आणि संत शोधणे हे वाचकाचे काम नाही.

आपले काम वेगळे आणि बरेच कंटाळवाणे आहे. महाविद्यालयांत, विद्यापीठांत कितीतरी मराठी प्रबंध आजही जुन्या टंकांत टाईप होतात आणि पीडीएफ करून दाखल होतात. डोळ्यांना ते मराठी दिसतात. त्यात एक शब्द शोधून पाहावा, म्हणजे आतली रोमन खिचडी कळते. मार्गदर्शक म्हणून सही करणारे आपणच असतो. वाङ्मयीन नियतकालिकांचीही स्थिती पुष्कळदा हीच. युनिकोडबाहेरचा प्रबंध आपण स्वीकारू नये. संस्थेचे पान निदान फायरफॉक्स आणि क्रोम या दोन वेगळ्या घडणीच्या न्याहाळकांत उघडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. आणि जुन्या टंकांतला जो मजकूर हाताशी आहे तो रूपांतरित करून ठेवावा. यातल्या एकाही गोष्टीसाठी शासननिर्णय लागत नाही.

माझ्याच विभागाच्या कपाटात २००३ पासूनच्या वार्षिकांकांच्या सीडी आहेत. गेल्या महिन्यात त्यातली एक उघडली. अंकाचा संपादक मीच होतो. माझे संपादकीय मला वाचता आले नाही.