डब्यात गेलेला सिनेमा कोण काढणार?

बाहेर तोफा धडधडताहेत. तळघरात पत्र्याची भांडी सांधणारा येफिम भेदरलेल्या पोराबाळांना घेऊन नाचायला लागतो. बघता बघता तळघर विरून जातं आणि दिसतं ते पुढचं भविष्य: हेच कुटुंब शेकडो ज्यूंबरोबर छळछावणीकडे चाललंय.

सोव्हिएत दिग्दर्शक अलेक्सांद्र आस्कोल्दोव यांच्या ‘कमिसार’ या सिनेमातला हा प्रसंग. रशियातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत लाल सेनेची एक गरोदर अधिकारी बाळंतपणासाठी या गरीब ज्यू घरात येते, एवढीच गोष्ट. वासिली ग्रोसमन यांच्या कथेवरून 1967 साली सिनेमा झाला. ते रशियन क्रांतीचं पन्नासावं वर्ष. त्यातच अरब-इस्रायल युद्ध पेटलेलं. सत्तेला हवी होती वीरगाथा, आणि पडद्यावर होती ओली बाळंतीण आणि ज्यूंचं मरण. सिनेमा डब्यात गेला. आस्कोल्दोव यांना कम्युनिस्ट पक्षातून काढलं, त्यांची नोकरी गेली. पुन्हा एकही कथापट त्यांना करता आला नाही.

पुढे गोर्बाचोव्ह यांच्या काळात वारं फिरलं, अडकलेले कितीतरी सिनेमे सुटले. ‘कमिसार’ मात्र तिथेच. शेवटी 1987 च्या मॉस्को महोत्सवात, भर पत्रकार परिषदेत, आस्कोल्दोव स्वतः उठून बोलले. तेव्हा कुठे सिनेमा दाखवला गेला. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याला रौप्य अस्वल मिळालं.

मित्रहो, आपण कधी उठणार? आपल्याकडेही सिनेमे अडतात. अणुचाचण्या आणि युद्धज्वरावरच्या आनंद पटवर्धन यांच्या ‘जंग और अमन’ या माहितीपटाला सेन्सॉरने कात्री लावायला सांगितली. ते मुंबई उच्च न्यायालयात लढले आणि 2003 मध्ये एकही कट न देता जिंकले. तेव्हा सेन्सॉर आणि न्यायालय यांच्या मध्ये अपील लवाद तरी होता. 2021 मध्ये तोही मोडीत निघाला. आता निर्मात्याने थेट उच्च न्यायालय गाठायचं. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, त्याने?

म्हणून आपल्या गावातल्या फिल्म सोसायटीचे सभासद व्हा. नसेल तर चार जण जमवून काढा. सिनेमा अडला की लेखी विचारा: कोणत्या नियमाखाली, कोणाच्या सहीने? आणि न पाहिलेल्या सिनेमाने भावना दुखावून घेऊ नका, दुसऱ्यालाही घेऊ देऊ नका.

सिनेमा केला तेव्हा आस्कोल्दोव पस्तिशीत होते, लोकांनी पाहिला तेव्हा पंचावन्नाचे. रीळ शाबूत राहिलं. मधली वीस वर्षं गेली ती गेलीच. पुढच्या दिग्दर्शकाची तरी जाऊ देऊ नका. आस्कोल्दोव एकटे उभे राहिले होते. आपण दहा जण तरी उभे राहू!