हुतात्म्यांच्या शहराचे देणे

जानेवारीचा दुसरा आठवडा हा सोलापूरच्या लोकजीवनातील मोठा आठवडा. १२ तारखेस शहर आपल्या चार हुतात्म्यांना अभिवादन करते आणि त्यापाठोपाठ संक्रांतीस सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. बाराव्या शतकातील सिद्धरामांनी येथे तलाव खोदविला, असे परंपरा सांगते. पाणी आणि श्रम यांच्या पायावर उभे राहिलेले हे शहर आज या दोहोंच्याच बाबतीत उपेक्षित असावे, ही विसंगती उत्सवाच्या झगमगाटात नजरेआड होऊ नये.

सोलापूरचे औद्योगिक भांडवल कोठून आले, याची चर्चा पुष्कळ होते. श्रम कोठून आले, याची क्वचितच. १८६० साली रेल्वे आली, १८७० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा हा मुलूख. दुष्काळाने उठवलेला शेतकरी गिरणीच्या दाराशी आला. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कन्नड भाषक तर पूर्वीपासूनच होते. ब्रिटिश सरकारने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्या जमातींना येथे तारेच्या कुंपणात डांबले आणि त्यांचेही हात गिरण्यांना पुरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र उरले.

या बहुभाषक श्रमिकांच्या शहराने मे १९३० मध्ये काय केले, हे सर्वश्रुत आहे. गांधीजींच्या अटकेनंतर लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि काही दिवस परकीय सत्तेचा अंमल येथून उठला. त्यास मार्शल लॉने उत्तर मिळाले. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यास फाशी देण्यात आले. ही चार नावे एका दमात उच्चारली की जातिधर्माच्या राजकारणाला वेगळे उत्तर देण्याची गरज उरत नाही.

परंतु स्वातंत्र्याने श्रमिकांच्या पदरात काय टाकले? नव्या यंत्रांत भांडवल गुंतविण्याऐवजी असलेले पिळून घेण्याचे धोरण राहिले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गिरण्यांमागून गिरण्या बंद पडल्या. संघटित कामगार विखुरला. पुरुष यंत्रमागावर गेले, हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळू लागल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, ती विणणाऱ्या हातांना मात्र कायम नोकरीचे मानांकन मिळाले नाही. विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. निकृष्ट ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा तिचाच. तिच्या दवाखान्यासाठी व मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी असलेला कल्याण उपकरही २०१७ साली वस्तू व सेवा करात विरून गेला.

तरीही संघटना व्यर्थ ठरलेली नाही. कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांनी दीर्घ लढ्यातून १०,००० घरांची वसाहत मिळविली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. ती कोणाची कृपा नव्हती.

आता प्रश्न पाण्याचा. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्याच जिल्ह्यात उसाचे मळे पसरले, साखर कारखान्यांची संख्या राज्यात अग्रगण्य ठरली; आणि शहरातील कामगार वस्तीने अनेक वर्षे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली. ही निसर्गाची अवकृपा नव्हे. पाणी कोणासाठी, हा राजकीय निर्णय आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पिण्याच्या पाण्याचा हक्क उसाच्या आधी मान्य व्हावा. रद्द झालेल्या उपकराइतका निधी विडी कामगारांसाठी सरकारने अंदाजपत्रकातून द्यावा. बंद गिरण्यांच्या जमिनींच्या वापरात कामगारांच्या वारसांना वाटा मिळावा. हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांनी या तीन प्रश्नांवर आपली भूमिका सांगावी. सोलापूरचे देणे हारांनी फिटणारे नाही.