रक्तातला सांगावा

माझा पेशा मराठी शिकवण्याचा. शरीरशास्त्राशी माझी ओळख शब्दापुरती. ‘संप्रेरक’ हा असाच एक नामी शब्द. इंग्रजीतला ‘हॉर्मोन’ १९०५ साली स्टार्लिंगने रूढ केला, तोही ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. त्याआधी १९०२ मध्ये लंडनला त्याने आणि बेलिसने एका कुत्र्याच्या आतड्याचे मज्जातंतू तोडले. तरी तिथे आम्ल घालताच दूरचे स्वादुपिंड पाझरू लागले! तारा तुटल्या, पण सांगावा रक्तावाटे पोचला.

इन्सुलिन हाही असाच सांगावा. स्वादुपिंडातल्या पेशी तो धाडतात आणि तो ऐकून स्नायूंच्या पेशी साखरेला दार उघडतात. मधुमेहाच्या एका प्रकारात सांगावा धाडणाऱ्या पेशीच नष्ट होतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला बाहेरून इन्सुलिन टोचले, आणि मरणाच्या दारातून तो परतला. दुसऱ्या, अधिक आढळणाऱ्या प्रकारात सांगावा निघतो, पण पेशींना तो नीट ऐकू येत नाही. स्वादुपिंड ओरडून ओरडून थकते.

दिवाळीत मधुमेही माणसाच्या ताटावर साऱ्या घराचा पहारा असतो. ‘जिभेवर ताबा नाही’ हा शेरा ठरलेला. पथ्य हवेच, औषधही हवे. पण ऐकू कमी येणाऱ्याला आपण हट्टी म्हणत नाही. जवळ जाऊन सांगतो. चालण्याने ह्या पेशींचे कानही थोडे उघडतात. तेव्हा वाचकहो, फराळानंतर त्याला उपदेश करण्यापेक्षा चपला घालून त्याच्याबरोबर फिरायला निघावे, हे बरे.