‘काळाचा घाला’ लिहिणं आता बंद करूया

मंडळी, आमच्या धंद्यात एक ठरलेली बातमी असते. महामार्गावर काम करणाऱ्या मजुरांना भरधाव वाहनाची धडक, आणि वर हेडिंग, ‘कामगारांवर काळाचा घाला’. मीही अशा बातम्या लिहिल्यात. सिव्हिलमधून नावं घ्यायची, ठाण्यातून गाडीचा नंबर घ्यायचा, दीडशे शब्द, विषय संपला. ‘काम सुरू आहे’ हा बोर्ड किती अंतरावर होता, हे मी एकदाही विचारलं नाही. मुळात होता का, हेसुद्धा नाही.

परवा अंधार पडताना एका हायवेवरून कुपवाडला परतत होतो. डिव्हायडरमधल्या झाडांना पाणी घालणं चाललेलं. चार बाया, एक म्हातारा. टँकर उजव्या लेनमध्येच उभा. मागं बंदोबस्त काय, तर पंधरा पावलांवर टाकलेली झाडाची फांदी आणि लाल फडकं घेतलेला मिसरूड फुटलेला पोरगा. चमकणारं जॅकेट एकट्या मुकादमाच्या अंगावर, आणि मुकादम केबिनमध्ये. गाडी कडेला लावून एका मावशींना विचारलं, भ्या वाटत नाही? म्हणाल्या, “वाटतंय की. पर आवाजावरनं कळतंय गाडी कुठनं आली ते.”

आता हिशेब बघा. ऐंशीच्या स्पीडची गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून, ब्रेक लागून गाडी उभी राहीपर्यंत इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबानं 120 मीटर लागतात. शंभरचा स्पीड असेल तर 180. त्या फांदीपासून टँकरपर्यंत मावशींच्या कानाला मिळतो अर्धा सेकंद.

नियम नाहीत असं नाही. याच रोड्स काँग्रेसचं (पक्षाचा काही संबंध नाही, कमेंटमध्ये सुरू होऊ नका) एसपी 55 नावाचं पुस्तक आहे. 2001 ला आलं, 2014 ला सुधारलं. रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची, एवढाच त्याचा विषय. आधी लांबून इशारा, मग कोन लावून गाड्या हळूहळू बाजूला काढायच्या, मग प्रत्यक्ष काम, आणि पुढं परत मूळ लेन. परदेशात तर कामाच्या मागं एक ट्रक उभा करतात, त्याच्या पाठीला धक्का सोसणारी उशी. गाडी आदळलीच तर त्या उशीवर आदळते, माणसावर नाही. मी ते मागतच नाही. मी बोर्ड, कोन, लाईट आणि जॅकेट मागतोय.

लगेच कुणीतरी म्हणणार, ड्रायव्हरच पिऊन असतात, मोबाईलवर असतात. असतात ना! कारखाने सुरू झाले की आपल्याकडं रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ऊस ट्रॉल्या जोडीनं धावतात, हे काय मला माहीत नाही? म्हणूनच तर बोर्ड लावायचा. सगळे शहाण्यासारखे चालवत असते तर कोनाची गरजच काय होती?

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 198 ए आलं. रस्त्याच्या बांधकामात, देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून कुणी मेला किंवा अपंग झाला, तर अधिकारी यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना दंड. किती? जास्तीत जास्त 1 लाख. एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड गाडीपण येत नाही. पण एवढं तरी लावा की! मी दिलेल्या बातम्यांत आरोपी कायम एकटा ड्रायव्हर, नाहीतर ‘अज्ञात वाहन’.

भरपाईचंही तसंच. धडक कुणाच्याही गाडीची असो, माणूस कामावर असताना मेला तर मालकानं भरपाई द्यायची, हे आपल्याकडं 1923 पासून कायद्यात आहे. जतकडून, विजापूरकडून आलेल्या कुटुंबाला हे सांगणार कोण? मुकादम? तो अंत्यविधीला पाकीट देतो आणि दुसऱ्या दिवशी नवीन टोळी आणतो.

सातारा-कागल सहापदरीकरणात चालू वाहतुकीला खेटून माणसं राबताना आपण सगळ्यांनी बघितलीत. हॉर्न मारून पुढं गेलो, मीही.

सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तीनच प्रश्न आहेत. त्या कामाच्या करारात वाहतूक सुरक्षेची काय अट आहे? त्या दिवशी जागेवर तपासणीला कोण आलं होतं? मजुरांना किती जॅकेट दिली, त्याची पोच कुठाय? उत्तर आलं की इथंच टाकतो. तोवर तुम्हाला राष्ट्रीय महामार्गावर असं उघड्यावर चाललेलं काम दिसलं, तर गाडी सुरक्षित जागी लावून 1033 ला फोन करा आणि फोटो मला पाठवा. मजुरांचे चेहरे नकोत, त्यांचंच काम जाईल. मागं बोर्ड आहे का नाही, तेवढं फोटोत दिसू दे.