सायकल काढा, पाणी पाहून या



पाऊसकाळ सरला. सोयाबीन घरात आले, कपाशीची वेचणी चालू आहे, धरणे-तळी भरलेली आहेत आणि उन्हालाही अजून धार आलेली नाही. अशा दिवसांत सहल काढायची म्हटली की आपल्या घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. एस.टी.चे भाडे, बाहेरचे खाणे, वर पोरांचे हट्ट. मग सहल राहून जाते आणि पोरगे मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. यावर आमचा एक उपाय आहे. आठ आण्याचा म्हटले असते, पण आता आठ आणे चालत नाहीत. घरातली सायकल काढावी, भाकरी-चटणी बांधून घ्यावी आणि जवळचे पाणी पाहून यावे.

आम्ही कचेरीतले दोघे आणि वस्तीतली चार-पाच कॉलेजची मुले-मुली गेली काही वर्षे हा उद्योग करीत आहोत. लोक विचारतात, पाण्यात पाहायचे ते काय? त्याचेच उत्तर आजच्या लेखात देतो.

सुरुवात येळगावपासून करावी. बुलढाण्याहून चिखली रस्त्याने सहा-सात किलोमीटरवर पैनगंगेवरचे हे धरण आहे. बुलढाणा शहराला नळाचे पाणी येथूनच जाते. या धरणावर स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यांना गोडबोले गेट म्हणतात. वीज नाही, मोटार नाही, बटण दाबायला माणूसही नाही. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की पाण्याच्याच दाबाने दरवाजा कलतो आणि जादा पाणी निघून जाते. पाणी उतरले की स्वतःच्या वजनाने दरवाजा पुन्हा उभा राहतो. विज्ञानाच्या पुस्तकात दहा पाने वाचून जे मुलांच्या डोक्यात शिरत नाही, ते येथे दहा मिनिटांत शिरते.

दुसऱ्या खेपेस राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जावे. उतरताना सायकल आपोआप पळते, येताना मात्र छाती भरून येते आणि बहुतेकांना उतरून सायकल ढकलावी लागते. पण हा घाट पायांनी ओळखला म्हणजे आपल्या जिल्ह्याची रचना कळते. घाटावर पडलेला पाऊस पैनगंगेतून वर्धा-प्राणहितेला आणि पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातो. घाटाखालचा पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्यावाटे पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात. दोन समुद्रांची वाटणी आपल्या उंबऱ्यावर होते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो! त्यात आणखी घोळ असा की जिल्ह्यात पूर्णाही दोन आहेत. घाटाखालची तापीला जाते. दक्षिणेकडची, जिला आपण खडकपूर्णा म्हणतो, ती गोदावरीला जाते. मोताळा तालुक्यातल्या नळगंगा धरणाच्या भिंतीवरून पाणी पाहताना आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. पूर्व विदर्भातल्या वैनगंगेचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने थेट या नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली आहे. ते पाणी येईल तेव्हा येईल.

आता थोडा हिशेब, कारण आम्ही पडलो कारकून. वर्तमानपत्रात छापून येते की अमुक धरणात इतके दलघमी पाणी आहे. वाचणारा पुढचे पान उलटतो. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, म्हणजे एक दलघमी झाले शंभर कोटी लिटर. ग्रामीण भागात नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी माप आहे. त्या मापाने एक दलघमी पाणी पन्नास हजार माणसांना वर्षभर पुरते. उन्हाने उडून जाते आणि गळतीत जाते ते वेगळे. हा हिशेब घरातल्या आठवीच्या मुलीकडून करून घ्यावा. मग उन्हाळ्यात वस्तीत टँकर येतो तेव्हा धरणात किती शिल्लक होते, हे ती आपल्याला सांगेल आणि ग्रामसभेतही विचारील.

आता ज्या पाण्यासाठी हा लेख लिहायला बसलो त्याकडे वळतो. देऊळगाव राजा तालुक्यात, देऊळगाव मही गावाजवळ खडकपूर्णा नदी अडवली आहे. एकोणीस दरवाज्यांचे हे धरण, आणि त्याच्या जलाशयाचे नाव आहे संत चोखासागर. याच तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. चौदाव्या शतकातला हा माणूस मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर वेठीने राबत असता भिंत कोसळून त्याखाली गेला, असे परंपरा सांगते. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. ज्याच्या जातीला पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्याच्या नावाचे पाणी आज डोळ्यांत मावत नाही एवढे पसरले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या मागे हजारो लोक चवदार तळ्यापर्यंत चालत गेले. ते चालणे पुस्तकात वाचलेल्या मुलांना चोखासागराच्या काठावर उभे केले की ती आपणहून गप्प होतात. आम्ही तेथे भाषण करीत नाही.

पण भिंतीवरून फोटो काढून परत फिरू नये. काठाकाठाने चालावे. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके येतात. तांबूस-नारिंगी रंगाचा चक्रवाक जोडीने फिरताना दिसला तर तुमचे नशीब. भल्या पहाटे जाळी ओढून आलेले लोक मासळी वेगळी करीत असतात. त्यांच्याशी बोलावे, पाण्याची खरी माहिती त्यांच्याजवळ असते. आणि उन्हाळ्याच्या तोंडी गेलात तर पाणी मागे सरकून उघडी पडलेली काळी जमीन दिसेल. तिला गाळपेर म्हणतात. ओल धरून असते, खत टाकावे लागत नाही, काकडी-टरबुजापासून हरभऱ्यापर्यंत सगळे येते. ही जमीन सरकारची. ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते आणि देताना धरणात ज्यांची शेते गेली त्यांना व भूमिहीनांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे.

येथे आमचा खरा मुद्दा आहे. धरणात गाव जाते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर मिळतो. ज्याच्या नावे सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याच्या हाती पडक्या घराची किंमत येते आणि रोजगार कायमचा जातो. आपल्या किती कुटुंबांची ही गत झाली ते वेगळे सांगायला नको. अशा माणसासाठी गाळपेराचा दीड-दोन एकर तुकडा म्हणजे वर्षाच्या घरखर्चाला मोठा हातभार. म्हणून कोणत्याही धरणाच्या काठाने फिरताना नुसते पाणी पाहू नका, पेरणी कोणाची चालली आहे तेही पाहा. कागदावर नाव एकाचे आणि औत दुसऱ्याचे, असे दिसले तर वहीत टिपून घ्या. त्या वर्षीच्या वाटपाची यादी पाटबंधारे विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. २००५ च्या कायद्याने दहा रुपयांचा अर्ज पुरतो, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. अर्ज लिहायला अडचण आली तर वस्तीतल्या एखाद्या नोकरदाराला हाताशी धरावे. त्याला तेवढे तरी काम द्या!

चोखासागराहून सिंदखेड राजा गाठता येते. जिजाऊंच्या या जन्मगावी मोती तलाव आणि चांदणी तलाव ही जुनी तळी आहेत. चांदणी तलावाच्या मधोमध पाण्यात उभी असलेली इमारत पाहायला विसरू नये.

लोणारला मात्र पूर्ण दिवस द्यावा आणि सायकल वरच ठेवून पायी उतरावे. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा हा खळगा आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या कातळात झाला आहे. वाटेत लवणासुराची कथा सांगणारे भेटतील. कथा ऐकून घ्यावी, पण मुलांना अशनीची हकिकत सांगावी, ती कथेपेक्षा रंजक आहे. पाणी खारट आणि क्षारयुक्त, आणि काठावर मात्र गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. या भागातल्या क्षारातून काच आणि साबणाचे सामान मिळते अशी नोंद अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा नाना अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे दाखवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ सुमारे तीन हजार किलोमीटर भटकून २०१९ च्या डिसेंबरात तेथेच येऊन पोचला होता. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले. चालण्यात त्याच्याशी बरोबरी नको.

माता-भगिनींना एक विनंती. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना मिळालेल्या सायकली कित्येक घरांत आहेत. सायकल मुलीच्या नावाची आणि फिरवतो तिचा भाऊ, असे आम्ही अनेक घरी पाहिले. सहलीला तिला तिच्याच सायकलवर पाठवा. आणि पोहता येत असो वा नसो, धरणाच्या पाण्यात कोणीही उतरायचे नाही, हे निघण्यापूर्वी सर्वांकडून कबूल करून घ्या. धरणाचा काठ विहिरीच्या पायरीसारखा नसतो, गाळात पाय रुतला की काढता येत नाही. पावसाळ्यात दरवाज्यांच्या खालच्या बाजूला नदीपात्रात तर मुळीच थांबू नये. सोबत पंक्चरचे सामान, हवेचा पंप आणि माणशी दोन लिटर पाणी असावे.

आपल्या गावाजवळ पाझर तलाव, जुने तळे किंवा बारव असेल तर तिचे नाव, कोणी बांधली याविषयी वडीलधारे काय सांगतात, पाणी केव्हापर्यंत टिकते आणि गाळपेर असल्यास ती यंदा कोण पेरतो, एवढे चार ओळींत लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या महिन्यात आम्ही मेहकरकडे पेनटाकळी धरणावर जाणार आहोत. त्या बाजूची पत्रे आधी आली तर बरे.